इंग्रजीच्या अध्ययनातील श्रवणकौशल्य : एक ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : महाराष्ट्र)

प्रस्तावना

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत नेमल्या गेलेल्या भारतीय विद्यापीठ आयोगाने १९०२ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यातील एक निरीक्षण आजच्या प्राध्यापकालाही थबकून विचार करावयास लावणारे आहे. मॅट्रिक उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतील व्याख्याने समजत नाहीत, काहींची ही अडचण कालांतराने दूर होते, परंतु अनेक जण भाषेवर प्रभुत्व न मिळवताच संपूर्ण विद्यापीठीय शिक्षण पार करतात, असा त्या निरीक्षणाचा आशय होता. या घटनेला आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. दरम्यान अभ्यासक्रम बदलले, अध्यापनपद्धती बदलल्या, राज्यकर्ते बदलले. तरीही प्रथम वर्षाच्या वर्गात इंग्रजीतून शिकवणाऱ्या प्राध्यापकाला समोरच्या चेहऱ्यांवर तीच अडचण वाचता येते.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, आयोगाने नोंदवलेली तक्रार मुळात वाचनाची किंवा लेखनाची नव्हती. ती ऐकण्याची होती. इंग्रजीच्या अध्ययनात श्रवण, भाषण, वाचन व लेखन ही चार कौशल्ये मानली जातात आणि त्यांत श्रवणाला क्रमाने पहिले स्थान दिले जाते. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात ते सर्वांत उपेक्षित राहिले. ही उपेक्षा का घडली आणि ती दूर करण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा का मावळले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. श्रवणाची उपेक्षा अज्ञानातून घडली नाही, तर शिक्षकांची टंचाई आणि परीक्षेचे स्वरूप या दोन कारणांनी ती घडली व टिकली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. श्रवणप्रधान समाज आणि इंग्रजीचे आगमन

ज्या समाजात इंग्रजी आली तो समाज ऐकून शिकणारा होता. वेदपाठशाळेतील पठण गुरुमुखातून चाले. श्रवण, मनन व निदिध्यासन हा ज्ञानप्राप्तीचा क्रम वेदान्ताने सांगितला होता. कीर्तन, प्रवचन, पोवाडा व भारूड यांच्याद्वारे अक्षरओळख नसलेल्या जनतेपर्यंत पुराणकथा व संतविचार पोहोचत. समर्थ रामदासांनी दासबोधात नवविधा भक्तीचे विवेचन करताना पहिला समास श्रवणभक्तीलाच दिला आहे. पंतोजींच्या शाळेत पाढे, परवचा हे सारे कानाने घेऊन मुखाने दृढ केले जाई.

तथापि या परंपरेचे गौरवीकरण करताना तिची दुसरी बाजू विसरता येणार नाही. कोणी काय ऐकावे यावर जातीची व लिंगाची कठोर बंधने होती. शास्त्राध्ययनाचे श्रवण स्त्रियांना व शूद्रातिशूद्रांना नाकारले गेले होते. या पार्श्वभूमीवर छापील पुस्तकातून शिकता येणारी इंग्रजी ही तत्त्वतः सर्वांना खुली होती, हे तिचे सामाजिक महत्त्व होय. जोतीराव फुले यांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, हा योगायोग नव्हता. परंतु छापील पुस्तकाने दार उघडले तरी आवाज दिला नाही. ही मर्यादा पुढील काळात ठळक होत गेली.

२. मुखातून आलेली इंग्रजी आणि पुस्तकातून आलेली इंग्रजी

मुंबई इलाख्यातील इंग्रजी शिक्षणाचा पाया बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळांनी घातला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या स्मरणार्थ जमवलेल्या वर्गणीतून प्राध्यापकपदे निर्माण झाली आणि १८३५ मध्ये ऑर्लेबार व हार्कनेस हे दोन प्राध्यापक इंग्लंडहून मुंबईस आले. मेकॉलेचे सुप्रसिद्ध टिपणही त्याच वर्षीचे आहे. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेल्या पहिल्या पिढीने, उदाहरणार्थ दादाभाई नौरोजी यांनी, इंग्रजी ही केवळ पाहिली नाही, तर जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकली. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत निघू शकले, यामागेही मुंबईसारख्या शहरात इंग्रजीशी आलेला जिवंत संपर्क होता.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर अनुदानपद्धती आली आणि इंग्रजी शाळा मुंबई-पुण्याबाहेर जिल्ह्यांच्या गावी पसरू लागल्या. शिक्षणाच्या प्रसाराच्या दृष्टीने हे स्वागतार्हच होते. परंतु या शाळांतील शिक्षक बहुधा पुस्तकातून इंग्रजी शिकलेला होता आणि त्याचे विद्यार्थी त्याच्याकडून पुन्हा पुस्तकी इंग्रजीच शिकत होते. श्रवणाची साखळी येथे तुटली. शिक्षक आपल्या मर्यादेत राहून जे उत्तम करू शकत होता ते म्हणजे व्याकरण आणि भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्यरचना शिकवली आणि ती चांगलीच शिकवली. मात्र त्या पद्धतीत शिक्षकाला इंग्रजी बोलण्याची आणि विद्यार्थ्याला इंग्रजी ऐकण्याची फारशी गरज उरत नव्हती. इंग्रजी वाक्य मराठीतून समजावले जाई आणि मराठीतूनच त्याचा अर्थ विचारला जाई.

या प्रवृत्तीला परीक्षेने बळकटी दिली. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे होते. त्याचे मुख्य कार्य अध्यापन नसून परीक्षा घेणे हे होते. हजारो उमेदवारांची एकाच वेळी परीक्षा घ्यावयाची तर लेखी प्रश्नपत्रिका हेच सोयीचे साधन ठरते. तुलनेसाठी एक उदाहरण नोंदवता येईल. परदेशी शिक्षकांसाठी केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये सुरू केलेल्या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेत भाषांतर व व्याकरणासोबत ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन व संभाषण यांचाही समावेश होता. पहिल्या वर्षी त्या परीक्षेस अवघे तीन उमेदवार बसले होते. कानाची परीक्षा घेणे शक्य होते, पण मोजक्यांसाठी. आपल्या विद्यापीठांपुढील प्रश्न संख्येचा होता आणि त्यात कान मागे पडला.

३. प्रत्यक्ष पद्धती व तिची परिणती

१९०२ च्या आयोगाने श्रवणाची उणीव नोंदवली, त्याच सुमारास युरोपात भाषांतरपद्धतीविरुद्ध झालेल्या चळवळीतून प्रत्यक्ष पद्धती पुढे आली होती. परभाषा त्याच भाषेतून, वस्तू व कृती यांच्या साहाय्याने, आधी ऐकवून व बोलवून शिकवावी, हे तिचे सूत्र. या पद्धतीचा भारतातील एक पुरस्कर्ता म्हणजे भारतीय शिक्षण सेवेतील अधिकारी पी. सी. रेन. भारतीय शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष अध्यापनावर त्यांनी १९११ मध्ये पुस्तक लिहिले.

रेन यांचे नाव आज मात्र निराळ्याच कारणासाठी लक्षात आहे. १९३० च्या दशकात एच. मार्टिन यांच्यासह त्यांच्या नावाने आलेले 'हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन' हे पुस्तक भारतभर घरोघरी पोहोचले आणि 'रेन अँड मार्टिन' हे नियमबद्ध व्याकरणाचे दुसरे नावच बनले. ज्या लेखकाने ऐकवून-बोलवून शिकवण्याचा आग्रह धरला, त्यालाच आपल्या शिक्षणव्यवस्थेने व्याकरणाच्या पुस्तकापुरते स्वीकारले. यात त्या पुस्तकाचा दोष नाही. प्रत्यक्ष पद्धतीसाठी अस्खलित इंग्रजी बोलणारा शिक्षक व लहान वर्ग लागतो, पुस्तकासाठी फक्त पुस्तक लागते. व्यवस्थेने आपल्याला परवडेल ते उचलले.

याच टंचाईचा सर्वांत प्रामाणिक विचार मायकल वेस्ट यांनी केला. ढाक्यात शिक्षणाधिकारी असताना त्यांनी १९२६ मध्ये द्विभाषिकतेवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बहुसंख्य विद्यार्थी शिक्षण अर्ध्यावर सोडतात, तेव्हा विम्याची पॉलिसी मध्येच बंद केली तरी काही रक्कम हाती पडावी, तसे त्यांच्या हाती काहीतरी पडले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. हे 'काहीतरी' म्हणजे वाचनक्षमता, असे त्यांचे मत होते. त्या काळच्या परिस्थितीत हा युक्तिवाद सयुक्तिक होता. तथापि त्यामुळे वाचन हेच इंग्रजी शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट असावे या धारणेला शास्त्रीय आधार मिळाला.

त्याच सुमारास हॅरल्ड पामर यांनी मात्र वेगळी दिशा दाखवली होती. बोलण्याची सक्ती करण्यापूर्वी शिकणाऱ्याला पुरेसा काळ ऐकू द्यावे, बी जमिनीत रुजावे तशी भाषा त्याच्या मनात रुजू द्यावी, असे ते सांगत. जपानमध्ये काम करताना त्यांनी १९२५ मध्ये आज्ञा ऐकून कृती करण्याच्या पाठांचे पुस्तकही सिद्ध केले. आपल्याकडील शाळांपर्यंत मात्र हा विचार फारसा पोहोचला नाही.

४. वर्गाबाहेरचा कान : आकाशवाणी व क्रिकेटचे समालोचन

वर्गात न मिळालेला इंग्रजीचा आवाज वर्गाबाहेर मात्र येऊ लागला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचे समालोचन ए. एफ. एस. तल्यारखान यांनी नभोवाणीवरून केले. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर इंग्रजी बातम्या व कसोटी सामन्यांचे इंग्रजी समालोचन गावोगावी ऐकले जाऊ लागले.

भाषाध्ययनाच्या दृष्टीने ही घटना क्षुल्लक नाही. समालोचन ऐकणाऱ्या मराठी मुलाला प्रत्येक शब्द समजत नसे, पण खेळ समजत असे. धावसंख्या, षटके, फलंदाजाचे नाव, प्रेक्षकांचा जल्लोष या आधारांवर तो न समजलेल्या शब्दांचा अर्थ लावीत जाई. परिचित संदर्भ, ऐकण्याची स्वयंस्फूर्त उत्सुकता आणि लगेच उत्तर देण्याच्या दडपणाचा अभाव, या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. पुढे १९८० च्या दशकात स्टीफन क्रॅशन यांनी भाषासंपादनासाठी समजण्याजोगी, पण सध्याच्या पातळीहून किंचित पुढची भाषा कानी-डोळी पडली पाहिजे, असा सिद्धान्त मांडला. त्यावर बरीच टीकाही झाली. परंतु पानाच्या टपरीवर ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेल्या श्रोत्यांनी त्या सिद्धान्ताचा काही अंश आधीच अनुभवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

५. स्वातंत्र्योत्तर धोरण : 'ग्रंथालयाची भाषा'

स्वातंत्र्यानंतर इंग्रजीचे स्थान नव्याने ठरवणे क्रमप्राप्त होते. मुंबई राज्याने पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी वगळून तिचा आरंभ आठवीपासून केला. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून आली. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व शैक्षणिकदृष्ट्या योग्यच होते. परंतु महाविद्यालयातील विज्ञानादी शाखांचे अध्यापन इंग्रजीतूनच राहिले. परिणामी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्याख्यान प्रथमच आणि एकदम महाविद्यालयातच ऐकावे लागे. १९०२ ची अडचण अशा रीतीने नव्या रूपात कायम राहिली.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने इंग्रजीचे महत्त्व प्रामुख्याने 'ग्रंथालयाची भाषा' म्हणून अधोरेखित केले. ज्ञानाची दारे खुली ठेवण्याचा हा समतोल विचार होता. मात्र ग्रंथालयात शांतता पाळावयाची असते. या कल्पनेत इंग्रजी ही वाचण्याची भाषा झाली, ऐकण्याची नव्हे.

याच काळात दुसरा प्रवाहही वाहत होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने १९४३ मध्ये हाती घेतलेल्या भाषाप्रशिक्षणातून श्रवण-भाषणावर भर देणारी पद्धती रूढ झाली. भारतात १९५० च्या दशकात संरचनात्मक पद्धती आली आणि १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. ध्वनिफिती व भाषा-प्रयोगशाळा यांचा बोलबाला सुरू झाला. श्रवण, भाषण, वाचन, लेखन हा क्रम प्रशिक्षण महाविद्यालयांतून याच काळात रुजला. परंतु या पद्धतीतील श्रवण हे पुनरुच्चारासाठीचे श्रवण होते. विद्यार्थी वाक्य ऐके ते म्हणून दाखवण्यासाठी, त्याचा अर्थ लावण्यासाठी नव्हे.

६. श्रवण म्हणजे निष्क्रियता नव्हे

श्रवण हे स्वतंत्र व सक्रिय कौशल्य आहे ही जाणीव १९६० च्या दशकात वाढीस लागली. विल्गा रिव्हर्स यांनी १९६६ मध्ये श्रवण-आकलनावर स्वतंत्र लेख लिहिला. जेम्स ॲशर यांनी आज्ञा ऐकून शारीरिक कृती करण्याची पद्धती प्रयोगांनिशी मांडली. तिच्यात पामर यांच्या जुन्या विचाराचाच विस्तार दिसतो. भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत राबवलेला बेंगळुरू प्रकल्प विशेष उल्लेखनीय आहे. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे अशा साहित्यावरील प्रश्न सोडवताना मुले शिक्षकाची इंग्रजी सतत ऐकत आणि गरजेपुरतीच बोलत. साध्या शाळेत, कोणत्याही महागड्या यंत्राविना, केवळ शिक्षकाच्या आवाजावर हे घडू शकते, हे या प्रकल्पाने दाखवून दिले.

मराठी भाषकाच्या बाबतीत श्रवणाचे काही विशेष प्रश्न आहेत. मराठीचे लेखन बव्हंशी उच्चारानुसारी आहे आणि बोलताना प्रत्येक अक्षर जवळपास सारख्या स्पष्टतेने उमटते. इंग्रजीत तसे नाही. आघात पडलेले अवयव ठळक होतात आणि उरलेले आकसतात. पुस्तकात 'कॅन' वाचलेल्या विद्यार्थ्याच्या कानी ओघातल्या बोलण्यात 'क्न' एवढेच येते, 'अँड'चा केवळ 'न्' उरतो. शब्दांच्या सीमाही पुसट होतात. 'अ नेम' आणि 'ॲन एम' या दोहोंचा ध्वनी जवळपास एकच. शिवाय मराठी उच्चारात ऱ्हस्व व दीर्घ इकाराने सहसा अर्थभेद होत नाही, त्यामुळे 'शिप' व 'शीप' यांतील भेद कानाला वेगळा शिकवावा लागतो. डोळ्यांना पाठ असलेला शब्द कानाला अनोळखी का वाटतो, याचे उत्तर येथे आहे. अशा विद्यार्थ्याचा शब्दसंग्रह कमी नसतो, तो फक्त मूक असतो.

७. इसवी सन २००० नंतर

जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. लहान मुलाला अजून लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तेथे श्रवणाला पर्याय नव्हता. गाणी, गोष्टी व सूचना यांद्वारे इंग्रजी कानी घालण्याची संधी या निर्णयाने दिली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेचा 'वुई लर्न इंग्लिश' हा श्राव्य कार्यक्रम मराठी माध्यमाच्या मुलांसाठीच रचलेला होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही इंग्रजीसाठी भाषासमृद्ध वातावरणाचा आग्रह धरला. महाविद्यालयांतूनही याच काळात भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या.

आज मोबाइलमुळे इंग्रजीचा आवाज प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्या टंचाईने १८५४ नंतर श्रवणाची साखळी तोडली, ती टंचाई बऱ्याच अंशी संपली आहे. दुसरे कारण, म्हणजे परीक्षा, मात्र उरले आहे. विद्यापीठीय मूल्यमापनाचा मोठा भाग आजही लेखी आहे. याउलट परदेशी शिक्षणासाठीच्या परीक्षांत श्रवणाला पूर्ण स्थान आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या टोफेलमध्ये ते आरंभापासून होते, तर १९८९ पासूनच्या आयेल्ट्समध्ये चार समान भागांपैकी एक श्रवणाचा आहे. आपल्या पदवीधराची इंग्रजी श्रवणाची पहिली गंभीर परीक्षा अशी पदवीनंतर, आणि बहुधा खाजगी शिकवणीचे शुल्क भरून होते.

यातील सामाजिक अन्याय दुर्लक्षिता येत नाही. लेखी परीक्षेने कानाला वगळले, परंतु नोकरीच्या मुलाखतीने वगळले नाही. ज्याच्या घरी व मित्रपरिवारात इंग्रजी बोलली जाते त्याचा कान आपोआप तयार होतो. ग्रामीण, आदिवासी व कष्टकरी कुटुंबांतील विद्यार्थ्याला तो तयार करण्याची एकमेव जागा म्हणजे वर्ग. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात फुले यांनी, रयतेच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गांनाच मिळतो, हे परखडपणे मांडले होते. वर्गात न शिकवलेल्या श्रवणाचा लाभही आज ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनाच मिळतो.

निष्कर्ष

या मागोव्यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. श्रवणाचे महत्त्व आपल्या शिक्षणव्यवस्थेला वेळोवेळी कळले होते. १९०२, १९११, १९५८, १९७९ व २००० या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी त्याकडे लक्ष वेधले. पण प्रत्येक वेळी परीक्षा मूकच राहिल्याने तो विचार वर्गातून हळूहळू निघून गेला. म्हणून केवळ नवी यंत्रे घेऊन किंवा नवी पद्धती जाहीर करून हा प्रश्न सुटणार नाही.

महाविद्यालयांच्या हाती तीन साधे उपाय आहेत. पहिला, अंतर्गत मूल्यमापनात श्रवण-आकलनाची छोटी, पण नियमित चाचणी घ्यावी. तिचे गुण थोडे असले तरी चालतील, ते असणे महत्त्वाचे. दुसरा, आपल्या परंपरेतील श्रुतलेखनाचे पुनरुज्जीवन करावे. उतारा ओघात वाचून दाखवावा आणि विद्यार्थ्यांना त्याचा आशय लिहावयास सांगावे. त्यासाठी ना वीज लागते ना इंटरनेट. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, शिक्षकाने स्वतःचा आवाज कमी लेखू नये. परदेशी धाटणीचा उच्चार नसलेली, पण स्पष्ट, ओघवती व आशययुक्त भारतीय इंग्रजी ही विद्यार्थ्याच्या कानासाठी उत्तम आरंभ आहे. विविध धाटणीचे उच्चार त्यानंतर ऐकवता येतील. हे काम केवळ इंग्रजीच्या विभागाचे नाही. इंग्रजीतून पदार्थविज्ञान वा वाणिज्य शिकवणारा प्रत्येक प्राध्यापक रोज श्रवणाचा पाठ देत असतो. व्याख्यानाच्या आरंभी मुख्य मुद्दे व नवे शब्द फळ्यावर लिहिले, तरी समालोचन ऐकणाऱ्याला खेळाच्या ज्ञानाचा जो आधार मिळत होता, तसाच आधार विद्यार्थ्याला मिळेल.

१९०२ च्या आयोगाने वर्णिलेला विद्यार्थी आजही शेवटच्या बाकावर बसलेला आहे. त्याला इंग्रजी येत नाही असे आपण म्हणतो, वस्तुतः ती त्याला पुरेशी ऐकवलीच गेलेली नाही. हे ध्यानी घेतले तर सुधारणेचा आरंभ उद्याच्या तासिकेपासून करता येईल.